घरच्या जुळणीची माउंटन बाइक

माउंटन बाइक स्वतः जुळवणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो: तयार मिळत असताना हा उपद्व्याप कशाला? प्रश्न रास्त आहे. फ्रेम एकीकडून, फोर्क दुसरीकडून, चाकं तिसरीकडून आणून जुळवलेली सायकल त्याच दर्जाच्या तयार सायकलपेक्षा जवळपास नेहमीच महाग पडते. कंपनी गिअरचे आणि ब्रेकचे संच घाऊक भावात उचलते. आपण तोच संच एक नग म्हणून किरकोळ भावात घेतो, वर कुरिअरचा आणि परदेशातून मागवला तर आयातशुल्काचाही भुर्दंड सोसतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकली आणि त्यांचे सुटे भाग यांच्यावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला खरा, पण ती सवलत दोन्हींना सारखीच मिळाली. पैसे वाचवायला कुणी या छंदात उतरत असेल, तर त्याने तयार सायकल घेऊन मोकळं व्हावं.

तरीही हा छंद टिकून आहे, आणि त्याचं कारण नुसती हौस नाही. मालकाने स्वतः उघडावं, समजून घ्यावं आणि परत बसवावं अशी यंत्रं आता फारशी उरलेली नाहीत. सायकल त्यातली एक. माउंटन बाइक मात्र गेल्या पन्नास वर्षांत हौशी हाताला कधी मोकळी राहिली, कधी बंद होत गेली. आज ती किती मोकळी आहे, आणि आपल्याकडच्या माणसाने तिच्यात कुठून हात घालावा, हे पाहण्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

भंगारातून उभी राहिलेली सायकल

१९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत, माउंट टॅमलपायसच्या उतारांवर काही तरुण जुन्या सायकली पिटाळत असत. श्विन एक्सेलसिअरसारख्या जाड टायरच्या, तीस-चाळीस वर्षं जुन्या त्या सायकली भंगारात किंवा कुणाच्या तरी अडगळीत मिळायच्या. बाकीचं सगळं घरी व्हायचं. दोघांच्या टँडेम सायकलचा ड्रम ब्रेक, मोटरसायकलची ब्रेकची मूठ, टूरिंगच्या सायकलचे गिअर, जे जिथून मिळेल ते या जड सांगाड्यावर चढायचं. १९७६ मध्ये फेअरफॅक्स गावाजवळच्या कच्च्या रस्त्यावर त्यांच्या शर्यती सुरू झाल्या. साडेतीन किलोमीटरांच्या आत चारशेएक मीटर खाली उतरायचं. मागचा, पायाने मारायचा ब्रेक इतका तापायचा, की हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि नंतर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. शर्यतीला ‘रिपॅक’ हे नाव पडलं ते या कामावरून.

त्या टोळक्यातल्या जो ब्रीझने १९७७ मध्ये क्रोमोली पोलादाच्या नळ्यांची खास डोंगरासाठी फ्रेम बांधली. ती सायकल आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिचीच्या फ्रेम घेऊन ‘माउंटनबाइक्स’ नावाचा धंदा सुरू केला. स्पेशलाइज्डची ‘स्टम्पजम्पर’ जपानमध्ये मोठ्या संख्येने बनून बाजारात आली १९८१ मध्ये, आणि डोंगरी सायकलसाठी शिमानोचा ‘डिओर एक्सटी’ हा सुट्या भागांचा संच त्यानंतर १९८२ मध्ये. म्हणजे कारखाना जागा झाला तोवर हौशी लोकांनी हा प्रकार चांगली पाच-सहा वर्षं चालवून दाखवला होता.

हा क्रम पुढेही दिसतो. मजबूत आणि हलकी २६ इंची रिम मिळत नव्हती, तेव्हा कीथ बॉन्ट्रेगरने रस्त्यावरच्या सायकलची मोठी रिम घेतली, तिचा तुकडा कापून काढला आणि लहान गोल करून जोडली. चालवता चालवता सीट खालीवर करणारी जो ब्रीझची ‘हाइट-राइट’ ही स्प्रिंग १९८० च्या दशकातली. आज प्रत्येक बऱ्या माउंटन बाइकला असणाऱ्या ड्रॉपर सीटपोस्टची ती पूर्वज. ट्यूबलेसची पद्धत माविकने १९९९ मध्ये खास रिम आणि खास टायरसकट आणली. पण साध्या रिमला टेप लावून, आत सीलंट ओतून काम भागवण्याची युक्ती रुजवली ती ‘स्टॅन्स नोट्यूब्ज’ या छोट्या कंपनीने. पुढे एकच चेनरिंग वापरण्याची लाट आली, तेव्हा जुन्या दहा गिअरच्या कॅसेटवर ४२ दात्यांचं मोठं चक्र बसवून देणाऱ्याही छोट्याच कंपन्या होत्या. 

मापांचा जंजाळ

मग हौशी माणसाची वाट अडली कुठे? मापांत. माउंटन बाइकची चाकं आधी २६ इंची होती. २००० नंतर २९ इंची आली, दशकभराने मधली २७.५. २०१३ ते २०१५ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी २६ इंची चाक जवळपास सोडूनच दिलं. मागच्या चाकाच्या हबची रुंदी १३५ मिलिमीटर होती. तिची थ्रू-अ‍ॅक्सलसाठी १४२ झाली आणि २०१४ च्या सुमारास ‘बूस्ट’ या नावाने १४८. पुढच्या हबचंही तसंच, १०० वरून ११०. फोर्कची नळी आधी वरपासून खालपर्यंत सव्वा इंचाच्या आत सरळ असे, ती खाली दीड इंच रुंद झाली. सीटपोस्ट २७.२, ३०.९, ३१.६, ३४.९ अशा जाडीत येतात, आणि एका जाडीचा दुसऱ्या फ्रेममध्ये बसत नाही. गिअरचं कॅसेट ज्या फ्रीहबवर चढतं, त्याचे शिमानोचे दोन आणि श्रॅमचा एक असे तीन प्रकार सहज समोर येतात. ब्रेकमध्ये शिमानो मिनरल ऑइल वापरतं, श्रॅमच्या बहुतेक ब्रेकना डॉट द्रव लागतो. एकाचं तेल दुसऱ्यात गेलं तर आतली रबरी सीलं फुगून ब्रेक निकामी होतो.

याकडे केवळ कंपन्यांचा डाव म्हणून पाहणं सोपं आहे, पण तेवढं खरं नाही. डिस्क ब्रेक जोरात लागला की साधी क्विक-रिलीज दांडी जागची हलू शकते, आरपार जाणारी जाड थ्रू-अ‍ॅक्सल हलत नाही. २९ इंची चाकाचे स्पोक लांब असल्याने ते आडव्या जोराला जास्त लवतं. हबच्या दोन्ही बाजूंमधलं अंतर वाढवलं की स्पोकचा कोन सुधारतो आणि चाक ताठ होतं. ‘बूस्ट’च्या सहा मिलिमीटरांमागचं तर्कशास्त्र हेच आहे. तक्रार आहे ती वेगाची. चांगलं हब दहा-पंधरा वर्षं सहज चालतं. त्याची रुंदी चार-पाच वर्षांत कालबाह्य झाली, की उत्तम स्थितीतलं चाक नव्या फ्रेमला परकं होतं. भाग झिजतात त्याच्या आधी त्यांचं माप मरतं.

क्रँक जिथे फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटची गोष्ट याहून बोलकी आहे. फ्रेमच्या कवचात आटे पाडलेले असायचे आणि बेअरिंगचा कप त्यात पिळून बसायचा. ही पद्धत कित्येक दशकं चालली. मग कारखान्यांनी आटे काढून टाकले आणि बेअरिंग दाबून बसवायला सुरुवात केली. फ्रेम बनवणं सोपं झालं, वजनही थोडं घटलं. पण कवचाचं माप केसभर चुकलं तरी पायडल मारताना करकर सुरू होते, आणि बेअरिंग काढायला हातोडी किंवा खास प्रेस लागतो. लोक इतके वैतागले, की अनेक कंपन्या पुन्हा आट्यांकडे वळल्या.

मोकळेपणाची आणखीही लक्षणं गेल्या काही वर्षांत दिसतात. मागचा डिरेलर ज्या छोट्या पट्टीला टांगलेला असतो, ती पट्टी म्हणजे हँगर. पडल्यावर आधी तीच वाकते, आणि तिचे आकार इतके होते, की नेमकी आपल्या फ्रेमची मिळवणं हेच एक काम होऊन बसायचं. २०१९ मध्ये श्रॅमने ‘युनिव्हर्सल डिरेलर हँगर’ आणला आणि कुठल्याही कंपनीला तो आपल्या फ्रेमवर वापरू दिला. २०२३ मध्ये शिमानोने ‘क्यूज’ मालिका आणली. तिच्यात ९, १० आणि ११ गिअरच्या संचांची केबल सारखीच ओढली जाते, त्यामुळे एकाचा भाग दुसऱ्याला चालू शकतो. पुढचा डिरेलर तर बहुतेक माउंटन बाइकवरून गेलाच, आणि त्याच्याबरोबर नवख्याला सर्वांत जास्त छळणारी जुळवाजुळवही गेली. याच २०२३ मध्ये श्रॅमचा बिनतारी, बॅटरीवर चालणारा ‘ट्रान्समिशन’ संचही आला. तो त्या नव्या हँगरच्या जागीच बसतो, जुन्या फ्रेमवर चढतच नाही. एक दार उघडताना दुसरं लागत असतं, ते असं.

आपल्याकडची जुळणी

सायकल जुळवून घेणं आपल्याला नवं नाही. लुधियाना, सोनीपतच्या कारखान्यांतून सायकल सुट्या भागांत यायची आणि गावच्या ‘सायकल मार्ट’मध्ये उभी राहायची. सीट कुठली, टायर कुठले, डायनामो हवा की नको, कॅरिअर कसलं, हे गिऱ्हाईक ठरवायचं. १९५६ मध्ये लुधियानात सुरू झालेली हिरो सायकल्स १९८६ मध्ये जगातली सर्वांत मोठी सायकल उत्पादक म्हणून गिनेस बुकात गेली, ती अशा हजारो दुकानांतल्या पान्या-हातोडीच्या जोरावरच. वर्षाकाठी सायकल ओव्हरऑइलिंगला टाकायची रीत होती. सगळी सायकल खोलायची, छर्रे रॉकेलने धुवायचे, नवं ग्रीस भरायचं. कॅलिफोर्नियातली पोरं उतरणीनंतर जे करत होती, तेच काम आपल्याकडे चौकाचौकात चालायचं.

ही परंपरा आजच्या हौशी माणसाला अर्धीच उपयोगी पडते. जुन्या मार्टमधला कारागीर चाकाची आउट नुसत्या नजरेने काढतो, बोटाने स्पोक वाजवून ताण ओळखतो. हायड्रॉलिक ब्रेकमधली हवा काढणं, एअर फोर्कची सीलं बदलणं किंवा बारा गिअरचा डिरेलर बसवणं मात्र त्याच्या हातचं काम नसतं. पुण्या-मुंबईत त्यासाठी खास कार्यशाळा आहेत. साताऱ्याच्या पुढे किंवा कोकणात उतरलात की असं ठिकाण शोधावं लागतं. घरच्या जुळणीचं खरं मोल इथे कळतं. जो सायकल नट-बोल्टापासून उभी करतो, त्याला ती दुरुस्तही करता येते. सह्याद्रीच्या एखाद्या पठारावर हँगर वाकला, तर तो घरी चालत येत नाही.

सह्याद्रीमुळेच आपल्या सायकलची गरजही युरोप-अमेरिकेच्या मासिकांतल्या सायकलींहून निराळी ठरते. बेसाल्टचे सुटे, टोकदार दगड, मुरूम, बाभळीचे काटे, चार महिने चिखल आणि आठ महिने धूळ, असा हा प्रदेश. इथे पहिला पैसा ट्यूबलेसवर खर्च व्हावा. पुण्यातल्या वेताळ टेकडीसारख्या ठिकाणी ट्यूब घातलेलं चाक एका फेरीत किती काट्यांना बळी पडेल याचा नेम नाही. सीलंट असलं तर बहुतेक काटे आपोआप बुजतात, शिवाय हवा कमी ठेवता येते आणि दगडावर पकड वाढते. उन्हाळ्यात ते लवकर सुकतं, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी पाहून भर घालावी लागते. दुसरा क्रमांक ब्रेकचा. लांब घाट उतरायचा असेल तर पुढे १८० मिलिमीटरची डिस्क हवी, आणि पावसाळ्यात रेझिनच्या पॅडऐवजी धातूमिश्रित पॅड, कारण ओल्या मातीत रेझिनचे पॅड बघता बघता संपतात. गिअर त्यानंतर. हलक्या वजनाचे महागडे भाग सर्वांत शेवटी. मजबूत, हलकं आणि स्वस्त यांतलं काहीही दोनच निवडता येतं, असं बॉन्ट्रेगरचं म्हणून एक वचन सांगतात. आपल्या दगडांवर मजबुतीचा बळी देणं परवडत नाही, त्यामुळे वाद उरतो तो फक्त किंमत आणि वजन यांच्यात.

चार वाटा

या छंदात शिरायच्या वाटा ढोबळमानाने चार. पहिली म्हणजे बरी तयार हार्डटेल, अर्थात फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल घ्यायची, आणि झिजेल तो भाग वरच्या दर्जाचा बसवत जायचं. पाहण्याची गोष्ट एकच: फ्रेमची मापं आजची असावीत. थ्रू-अ‍ॅक्सल, खाली रुंद होणारी हेड ट्यूब, आट्यांचा बॉटम ब्रॅकेट आणि जमलं तर तो सार्वत्रिक हँगर. एवढं असेल तर सुरुवातीचे साधे भाग पाच वर्षांत एकेक करून बदलता येतात आणि फ्रेम तीच राहते. मापं जुनी असतील तर त्या फ्रेमवर टाकलेला प्रत्येक महाग भाग तिच्याबरोबरच संपतो. दुकानात लोक गिअरचं नाव आणि रंग पाहतात. पाहायला हवी ती मागच्या हबची रुंदी.

दुसरी वाट रिकाम्या फ्रेमपासून पूर्ण जुळणीची. ही सर्वांत महाग आणि सर्वांत शिकवणारी. सायकल कशासाठी हवी हे आधी ठरवावं लागतं, कारण आकाराची सगळी गणितं त्यावर उभी असतात. नव्वदच्या दशकात हेड अँगल, म्हणजे हेड ट्यूबचा जमिनीशी होणारा कोन, ७१ अंशांच्या आसपास असे, आजच्या ट्रेल बाइकवर तो ६४ ते ६६ अंशांवर आला आहे. पुढचं चाक लांब गेलं, स्टेम आखूड झाला, हँडलबार ७६० ते ८०० मिलिमीटर रुंद झाला. उतारावर भरवसा वाढला, मंद चढावर मात्र अशी सायकल थोडी भरकटते. पुण्याच्या सायनाइड बाइक्सची ‘फ्युरान’ ही हार्डटेल इथल्या रायडरांनी स्वतःसाठी असाच विचार केला तेव्हा काय घडतं, त्याचं उदाहरण आहे.

तिसरी वाट जुन्या २६ इंची सायकलला नवा जन्म देण्याची. परदेशात तिच्यासाठी चांगले फोर्क आणि टायर मिळणं अवघड होत चाललं आहे. आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणीही २६ इंची टायर-ट्यूब मिळते, कारण साध्या सायकलींनी ते माप जिवंत ठेवलं. टायर फार भारी नसतात, पण चाक चालू राहतं. जुनी क्रोमोली फ्रेम, पुढे एकच चेनरिंग, मागे नऊ किंवा दहा गिअर, एवढ्यात टेकडीवर मजेत फिरणारी सायकल होते. तिच्यावर मोठे खर्च करू नयेत, हे पथ्य पाळलं तर शिकण्यासाठी इतकी स्वस्त शाळा दुसरी नाही.

चौथी वाट फ्रेमच स्वतः बांधण्याची. नळ्या कापणं, कोन धरणं, ब्रेझिंग किंवा वेल्डिंग, मग सरळपणा तपासणं. ही वाट थोड्यांचीच, आणि तिथे छंद संपून कारागिरी सुरू होते. सांधा उताराच्या मध्यावर सुटला तर दात आणि हाडं पणाला लागतात. म्हणून जाणकाराच्या हाताखाली काढलेल्या महिन्यांशिवाय ती धरू नये.

हात कुठे घालावा

घरी करायची कामं बरीच आहेत आणि त्यांची हत्यारं थोडी. चार, पाच, सहा आणि आठच्या एलन की, डिस्कच्या स्क्रूसाठी टी-२५, चेन तोडायचं यंत्र, कॅसेटचा पाना, केबल कापायची कैची आणि एक टॉर्क रेंच. शेवटच्या वस्तूवर लोक पैसे वाचवतात आणि तिथेच फसतात. स्टेमचे छोटे बोल्ट साधारण पाच न्यूटन-मीटरने घट्ट करायचे असतात, कॅसेटची लॉकरिंग चाळीसने. हाताच्या अंदाजाला पाच म्हणजे फार सैल वाटतं, माणूस आणखी पिळतो आणि अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात. कार्बनच्या हँडलबारला तर जास्त पिळल्याने न दिसणारी चीर जाऊ शकते. डाव्या पायडलचे आणि आट्यांच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये चेनच्या बाजूच्या कपाचे आटे उलटे असतात. हे विसरून जोर लावणारे दर वर्षी नव्याने जन्माला येतात.

चाक बांधणं अवघड म्हणून प्रसिद्ध आहे, प्रत्यक्षात ते चिकाटीचं काम आहे. बत्तीस स्पोक तीन वेळा एकमेकांना ओलांडतील असे ओवायचे, ताण थोडा थोडा सगळीकडे सारखा वाढवायचा, आउट काढायची, चाक दोन्ही बाजूंनी मध्यावर आहे का ते पाहायचं. सायकल उलटी करून फ्रेमला केबल टाय बांधला तरी सुरुवातीला ट्रूइंग स्टँडचं काम भागतं. घाई केली तर ताण असमान राहतो आणि महिन्याभरात स्पोक तुटू लागतात.

काही कामं मात्र कार्यशाळेतच न्यावीत. हेडसेटचे कप दाबणं, फ्रेमचं कवच घासून समतल करणं, फोर्कच्या आतल्या डँपरची दुरुस्ती. फोर्क बदलताना आणखी एक गोष्ट तपासावी. फोर्कची उंची २० मिलिमीटरने वाढली की हेड अँगल सुमारे एक अंशाने झोपतो आणि बॉटम ब्रॅकेट वर उचलला जातो. त्याहून गंभीर म्हणजे लांब फोर्क हेड ट्यूबवर जास्त जोर टाकतो. कंपनीने सांगितलेल्या मर्यादेपलीकडचा फोर्क लावलेली फ्रेम बाहेरून ठणठणीत दिसते आणि एका उडीत तिच्या वेल्डजवळ तडा जाऊ शकतो. डिस्कसाठी जागाच नसलेल्या फ्रेमला जुगाड करून कॅलिपर बसवण्याचे प्रकार आपल्याकडे होतात, तेही याच कारणाने धोक्याचे. ब्रेकचा सगळा जोर त्या एका ठिकाणी येतो.

एकंदरीत पाहता आजची माउंटन बाइक दहा वर्षांपूर्वीच्या मानाने हौशी माणसाला जास्त मोकळी आहे. आटे परत आले, पुढचा डिरेलर गेला, हँगरचा घोळ मिटतो आहे, आणि बारा गिअरचा चांगला संच २०२० च्या डिओरपासून बऱ्यापैकी सामान्य पातळीवर उतरला आहे. दुसरीकडे बॅटरीवर चालणारे, एका कंपनीच्या चौकटीत बांधलेले संच वाढताहेत, आणि येत्या काळात रस्सीखेच चालणार ती या दोहोंत. आपल्याकडच्या नवशिक्याला माझ्या मते पहिली वाटच योग्य: आजच्या मापांची साधी हार्डटेल, आधी ट्यूबलेस, मग ब्रेक, मग जो भाग झिजेल तो. खर्च विभागला जातो, प्रत्येक बदलातून एक काम शिकून होतं, आणि दोन-तीन वर्षांनी रिकाम्या फ्रेमपासून जुळणी करायची वेळ आली, की कुठले पैसे वाया जातील हे विकत घेण्याआधीच कळतं.